रशियाची चूल आणि आपली चूल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली, आणि विषय कोणता म्हणून विचारल्यावर मी "रशियातील खाद्यपदार्थ" असे सांगितले, तेव्हा कार्यकारिणीत थोडा हशा पिकला. एक भगिनी म्हणाल्या, "बाई, आपल्या हिमायतनगरात परमेश्वराच्या यात्रेला भजी कशी खमंग करावीत ते सांगा, रशियाचे घेऊन काय करायचे?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु आमच्या घरात गेली तीन वर्षे रोज संध्याकाळी रशियातल्या जेवणाचीच चर्चा चालते, त्याला मी तरी काय करू?

माझ्या धाकट्या दिरांची मुलगी डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी रशियात त्वेर नावाच्या गावी गेली आहे. व्होल्गा नदीच्या काठचे हे जुने शहर. मुलगी निघाली तेव्हा माझ्या जावेने ज्वारीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी, येसर, खारवडे असे इतके बांधून दिले की विमानतळावर अर्धे सामान परत काढावे लागले. जाऊबाईंचा एकच घोर होता : पोरगी खाणार काय? माझाही होता, परंतु मी शाळामास्तरीण. घोर लागला की पुस्तक उघडून बसायचे, ही माझी जुनी खोड. त्या वाचनातून जे हाती लागले तेच आज आपणांपुढे ठेवीत आहे.

पहिली मौज अशी की, त्वेर गावाचा आणि आपल्या मुलखाचा संबंध साडेपाचशे वर्षांचा आहे. त्या गावचा अफानासी निकितिन नावाचा एक व्यापारी व्होल्गेतून खाली निघाला. वाटेत तातारांनी त्याला लुटले. मग तो इराणमार्गे होर्मुझला आला, तिथून एक घोडा बरोबर घेऊन जहाजाने समुद्र ओलांडला आणि आपल्या कोकणात चौलला उतरला. हा काळ साधारण १४६९ चा. चौलहून तो घाट चढून जुन्नरला गेला, पावसाळा तिथे काढला, आणि पुढे बहामनी सुलतानांची राजधानी असलेल्या बिदरला पोहोचला. बिदर म्हणजे आपल्या उदगीरच्या शेजारचेच की! १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. म्हणजे वास्को द गामा कालिकतला येण्याच्या पंचवीस-तीस वर्षे आधी हा रशियन माणूस आपल्या शेजारी राहून गेला. नर्गिसचा 'परदेसी' हा १९५७ चा चित्रपट ज्या थोरल्या भगिनींनी पाहिला असेल, त्यांना ही कथा थोडीफार आठवेल.

या निकितिनने आपल्या प्रवासाची टिपणे लिहून ठेवली. राजवाडे, हत्ती, सरदारांच्या स्वाऱ्या हे सगळे त्यांत आहेच. परंतु मला कौतुक वाटले ते त्याने आपली ताटे किती बारकाईने पाहिली याचे. तो लिहितो, इथले हिंदू भात खातात, तूप घातलेली खिचडी खातात, नाना प्रकारचा पाला शिजवून खातात. दिवसातून दोनदाच जेवतात, रात्री जेवत नाहीत. जेवताना डावा हात लावीत नाहीत, सुरी नाही, चमचा नाही. घोड्यांना इथे हरभरे चारतात, आणि साखर-तूप घालून खिचडीसुद्धा, हे पाहून तो थक्क झाला. 'खिचडी' हा आपला शब्द त्याच्या रशियन वहीत 'किचिरी' म्हणून जाऊन बसला आहे.

आणि पुढे त्याने जे लिहिले आहे ते वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. तो म्हणतो, इथे पुष्कळ पंथ आहेत, आणि एका पंथाचा माणूस दुसऱ्याबरोबर खात नाही, पीत नाही, सोयरीक करीत नाही. प्रवासात प्रत्येकाजवळ आपले आपले मडके असते, आणि ज्याचे तो शिजवतो. परक्याची नजर गाडग्यात पडली तर ते अन्न तो खात नाही. काही जण तर जेवताना अंगावर फडके ओढून घेतात, कोणी पाहू नये म्हणून.

भगिनींनो, हे त्याने पंधराव्या शतकात लिहिले. आपल्या मंडळाचे पहिले हळदीकुंकू कोणाकोणाला आठवते? मला चांगले आठवते. चिवडा आणि पन्हे एका भगिनीने स्वतःच्या घरी करून आणले होते. निम्म्या बायकांनी ते पदराआड घेतले, घरी नेते म्हणून सांगितले, आणि वाटेत गाईपुढे ठेवले. तिचे घर कोणत्या आळीत होते एवढेच त्याचे कारण. त्या निम्म्या बायकांत मीही होते. त्या भगिनी आज समोर बसल्या आहेत आणि हसताहेत. त्यांनी मला तेव्हाच ओळखले होते, असे त्यांनी मला वीस वर्षांनी सांगितले. असो.

निकितिनचे स्वतःचे दुःख निराळेच होते. रशियातील ख्रिस्ती धर्मात उपासांचे फार मोठे प्रस्थ आहे. कडक पाळणाऱ्यांचे वर्षातले जवळजवळ दोनशे दिवस उपासाचे असतात. ईस्टरपूर्वीचा मोठा उपास तर सुमारे सात आठवड्यांचा. आता आपल्याला गंमत वाटेल अशी गोष्ट सांगते. आपल्या एकादशीला धान्य चालत नाही, पण दूध, तूप, दही हवे तितके चालते. त्यांच्या उपासाला बरोबर उलटे! धान्य चालते, भाजी चालते. मांस, अंडी, दूध, लोणी, तूप यांतले काही म्हणता काही चालत नाही. आपली साबुदाण्याची खिचडी तुपामुळे त्यांना चालणार नाही, आणि त्यांची भाकरी धान्याची म्हणून आपल्याला चालणार नाही. तर हा बिचारा निकितिन. त्याच्या धर्माच्या पोथ्या त्या लुटीत गेल्या होत्या. त्यामुळे ईस्टर कधी, उपास कधी धरायचा, कधी सोडायचा, याचा हिशेब त्याला लागेना. परमुलखात तिथीच हरवली! तो पुन्हा पुन्हा त्याबद्दल हळहळतो. शेवटी अदमासाने महिनाभर उपास धरला. मांस नाही, दूध-तूप नाही, दोन वेळा नुसती रोटी आणि पाणी. बिदरच्या मातीतली ती रोटी ज्वारीची असावी, असे मला आपले वाटते. परत जाताना त्वेरला पोहोचण्याआधी, स्मोलेन्स्कच्या अलीकडेच, तो वारला. त्वेरला व्होल्गेच्या काठी त्याचा पुतळा १९५५ साली उभारला आहे. आमच्या मुलीने त्या पुतळ्यापाशी उभी राहून फोटो पाठवला. मागे बर्फ, आणि हिच्या डोक्यावर माझी विणलेली लोकरीची टोपी.

आता त्यांच्या स्वयंपाकाकडे वळू. रशियन स्वयंपाकाचे सगळे मर्म त्यांच्या चुलीत आहे. तिला 'पेच' म्हणतात. खोलीचा मोठा भाग व्यापणारी, विटामातीची, भिंतीसारखी जाड. सकाळी एकदा लाकडे पेटवायची; विस्तव विझला तरी तापलेल्या भिंतींची ऊब दिवसभर राहते. भांडी आत सारून ठेवायची आणि कामाला जायचे. तळणे, परतणे यांपेक्षा मंद आचेवर तासन्‌तास मुरवणे, हाच तिथला खरा स्वयंपाक. चुलीच्या वरच्या सपाटीवर म्हाताऱ्या माणसांनी आणि पोरांनी झोपायचे. आपल्याकडे आहारात दूध तापत ठेवतात, त्याची आठवण व्हावी.

त्या चुलीत रोज दोन पदार्थ हमखास असत. एक 'श्ची', म्हणजे कोबीचे सार. दुसरा 'काशा', म्हणजे धान्याचा घाटा. हे दोन म्हणजेच आमचे अन्न, अशा अर्थाची त्यांच्यात म्हणच आहे. हिवाळा सहा-सहा महिन्यांचा, भाजी मिळायची कुठून? म्हणून शरद ऋतूत कोबी बारीक चिरून, मीठ लावून पिंपात आंबवून ठेवीत. हे काम एकटीदुकटीचे नव्हे. गल्लीतल्या लेकीसुना एकमेकींच्या घरी जमत, गाणी म्हणत ढीगभर कोबी चिरीत, आणि मग खाणेपिणे होई. आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडया, पापड, शेवया करायला आपण जमतो, अगदी तसेच!

ब्रेडही आपल्या कल्पनेतला पांढरा, भुसभुशीत नव्हे. 'राय' नावाचे थंडीत तग धरणारे धान्य आहे, त्याचे पीठ आंबवून केलेला काळसर, जड, आंबूस पाव. पाहुणा आला की विणलेल्या टॉवेलावर हा पाव आणि वर मिठाची वाटी ठेवून त्याचे स्वागत करीत. शिळ्या पावापासून 'क्वास' नावाचे आंबट पेय करतात. मुलीने पहिल्यांदा प्यायले आणि फोनवर म्हणाली, "मोठी आई, ही तर आपली आंबील! फक्त लसूण घालायला विसरलेत." व्लादिमिर राजाने ९९६ साली प्रजेला मेजवानी दिली, तिच्या जुन्या वृत्तांतात या क्वासचा उल्लेख आहे.

परंतु मुलीला आधाराला आली ती काशा. पहिल्या हिवाळ्यात पोरीने आम्हांला सांगितले नाही, पण ती निव्वळ चहा-पावावर दिवस काढीत होती. कोबीच्या वासाने मळमळे, मांस ती खात नाही, आणि येताना आणलेले पीठ दोन महिन्यांत संपले. फोनवर चेहरा दिसे तो नुसता गालफडांचा. जाऊबाई रात्र-रात्र जागत. वसतिगृहात झाडलोट करणारी एक म्हातारी बाई होती. तिने ही पोरगी रोज कोरडा पाव चावते हे पाहिले असावे. एके दिवशी तिने हिला आपल्या खोलीत नेले आणि वाडग्यात वाफाळणारी 'ग्रेच्का' वाढली. हे धान्य म्हणजे हिमालयात पिकतो तो कुट्टू. उत्तरेकडच्या बायका नवरात्राच्या उपासाला खातात. दाणे भाजून, पाण्यात मोकळे शिजवून, वर लोणी. पोरीने पहिला घास घेतला आणि तिला रडू आले. कारण चव होती कण्यांची.

कण्या म्हणजे काय, हे इथल्या थोरल्या भगिनींना सांगावयास नको. तरुण मुलींसाठी सांगते. ज्वारी जात्यावर जाडसर भरडायची, पीठ चाळून घ्यायचे, आणि वर उरलेला रवा पाण्यात मीठ घालून मऊ शिजवायचा. वर ताक, नाहीतर लसणाची फोडणी. माझ्या सासूबाई रोज रात्री कण्या करीत. आणि मी, चार बुके शिकलेली सून, कोणी पाहुणा आला की ते पातेले कोनाड्यात सरकवून वर फडके टाकीत असे. गरिबाचे खाणे म्हणून लाज वाटे. निकितिनने पाहिलेले ते फडके, भगिनींनो! तो म्हणतो ते परक्याच्या नजरेचे होते, माझे स्वतःच्या लाजेचे होते. सासूबाईंनी एकदा ते पाहिले. काही बोलल्या नाहीत. पुढे त्यांनी पाहुणे असताना कण्या करणेच सोडले, आणि नंतर एरवीही. त्या गेल्या तेव्हा घरातले जातेही अंगणात पडून होते. मी पुढे भात लावू लागले आणि मुलांना कण्या म्हणजे काय ते फक्त त्यांच्या आजीमुळे ठाऊक राहिले. त्या मुलीला आजीने मांडीवर बसवून ताक-कण्या भरवल्या होत्या, म्हणून तिला त्वेरमध्ये ती चव ओळखता आली.

रशियनांनी आपल्या काशेला मात्र कमी लेखले नाही. झोपडीत काशा, वाड्यात काशा, लग्नात काशा. ज्याच्याशी जमणार नाही त्याच्याबद्दल ते म्हणतात, याच्याबरोबर काशा शिजायची नाही!

आणखी एक ओळखीची वस्तू म्हणजे शेपू. आपल्याकडे शेपूच्या भाजीला नाके मुरडणारी पोरे घरोघर आहेत. तिकडे सारावर शेपू, बटाट्यावर शेपू, काकडीच्या लोणच्यात शेपू, दह्यासारख्या सायीतही शेपू. आमची कन्या इथे शेपू पाहून ताटावरून उठत असे. देव अशी फेड करून घेतो!

आता एक गोष्ट अशी सांगते की जिच्यात रशियाने आपल्याला दिले आहे. उपासाला लोणी चालत नाही म्हटल्यावर तेल लागणार. पूर्वी ते जवसाचे आणि अंबाडीसारख्या झाडाच्या बियांचे तेल वापरीत. सूर्यफूल मूळचे अमेरिकेतले. युरोपातून शोभेचे फूल म्हणून रशियात आले. १८२९ च्या सुमारास बोकारेव नावाच्या एका शेतकऱ्याने त्याच्या बियांचे तेल काढले, आणि हे तेल उपासाला चालते म्हटल्यावर एकेका प्रांतात सूर्यफुलाचा धडाका उडाला. आजही तिथे अशा तेलाला 'उपासाचे तेल' म्हणतात. पुढे क्रास्नोदारच्या पुस्तोवोइत या शास्त्रज्ञाने जन्मभर निवड करून जास्त तेलाचे वाण तयार केले. त्यांतले काही वाण १९६९ साली आपल्या देशात आले, आणि आपल्या मराठवाड्यात शिवारेच्या शिवारे पिवळी झाली. 'ईसी ६८४१४' हे नाव ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी ऐकले असेल. ते मूळचे रशियाचे. मी शाळेत असताना राघू हाकायला रानात बसत असे, ते याच सूर्यफुलावर. आता ती शेते कुठे आहेत? सोयाबीनने सगळे खाल्ले. त्याआधीची करडईही गेली. मग सूर्यफुलाचे तेल परदेशातून, बव्हंशी युक्रेन आणि रशिया या दोन देशांतून आणण्याची पाळी आली. २०२२ च्या फेब्रुवारीत त्या दोघांचे युद्ध पेटले आणि इथे आपल्या किराणा दुकानात तेलाचा डबा कडाडला, तो याचमुळे. त्याच वेळी युक्रेनमध्ये शिकणारी आपली मुले तळघरांत बसून घरी फोन करीत होती, मराठवाड्यातलीही होती. आमच्या जाऊबाईंनी त्या दिवसांत टीव्हीपुढून हलायचे नाव घेतले नव्हते, आणि तरी पुढे मुलीला रशियात पाठवले. इथल्या खासगी महाविद्यालयांची फी आपल्याला झेपत नाही, ही त्यातली साधी गोष्ट.

या युद्धात एका सारावरूनही वाद झाला. बीटाच्या तांबड्या साराला 'बोर्श' म्हणतात. जगभर ते रशियन म्हणून विकले जाते, पण युक्रेनच्या बायका म्हणतात ते आमचे. २०२२ च्या जुलैमध्ये युनेस्कोने युक्रेनी बोर्श करण्याची परंपरा, तातडीने जपावयाच्या वारशांच्या यादीत घातली. पुरणपोळी आमची की कानडी मुलखातल्या होळिगेवाल्यांची, असा वाद आपण करतो तो हसण्यावारी नेता येतो. घरे पडत असताना तो तसा नेता येत नाही.

बाकीचे थोडक्यात सांगते, कारण घड्याळाकडे अध्यक्षीणबाईंचे लक्ष आहे. 'ब्लिनी' म्हणजे पातळ धिरडी. मोठ्या उपासाच्या आदल्या आठवड्यात लोण्यात भिजवून खातात, आणि त्या आठवड्यात सासूने जावयाला घरी बोलावून धिरडी वाढायची असतात. अधिकात आपण जावयाला धोंडे वाढतो, तसे! 'पेल्मेनी' हे सारण भरलेले छोटे उकडीचे. घरातील सगळे बसून शेकड्यांनी करतात आणि बर्फात गोठवून ठेवतात. चहा त्यांच्याकडे १६३८ साली मंगोल खानाच्या नजराण्यातून गेला. वाळका पाला कशाला न्यायचा म्हणून वकील तो घ्यायलाच राजी नव्हता! आता घरोघर चहा, आणि तूला गावचे सामोवार प्रसिद्ध. आपल्याकडे शहरातल्या लग्नांत 'रशियन सॅलड' म्हणून जे वाढतात, ते मॉस्कोच्या एका हॉटेलात ऑलिव्हिए नावाच्या स्वयंपाक्याने १८६० नंतरच्या दशकात बसवलेले. त्यात तेव्हा रानपक्षी असत, आता बटाटे आणि वाटाणे उरले आहेत. बटाटा तर तिथे सरकारने सक्तीने लावायला सांगितला, तेव्हा १८४० च्या सुमारास शेतकऱ्यांनी दंगे केले. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात आलेली तांबडी मिलो आठवून पाहा. पोटात आग असतानाही तिला शिव्या देऊनच आपण खाल्ली.

दुष्काळाचे निघाले म्हणून एकच सांगते. १९४१ च्या हिवाळ्यात जर्मनांनी लेनिनग्राड शहराला वेढा घातला असता मुलांना आणि घरी बसणाऱ्यांना दिवसाला फक्त १२५ ग्रॅम पाव मिळे, तोही भुसा मिसळलेला. आपल्या एका भाकरीएवढा. त्या शहरात वाविलोव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने जगभर हिंडून जमवलेली धान्याची बियाणे एका संस्थेत ठेवली होती. ती सांभाळणारी माणसे उपाशी मेली. तांदळाची बियाणी सांभाळणारा तांदळाच्या पाकिटांमध्ये मेला, पण त्याने त्यांतला मूठभर शिजवला नाही. वाविलोव्ह स्वतः त्याच्याच सरकारच्या तुरुंगात १९४३ साली वारला. हे मी जाऊबाईंना सांगितले, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, आणि माळ्यावरून सासूबाईंचे एक गाठोडे काढले. त्यात टाळकी ज्वारीची कणसे होती, राखेत घातलेली. किती वर्षांची कोण जाणे. आम्ही परसात दोन वाफे टोकले. सात रोपे आली. गेल्या वर्षी त्यांचे बी धरले, यंदा बांधाशेजारी चार तासे पेरली आहेत. ज्या भगिनींना मूठभर हवे असेल त्यांनी संक्रांतीनंतर घरी यावे.

त्या म्हाताऱ्या बाईला मुलीने आमची शेंगदाण्याची चटणी दिली. त्यांना तिखट सोसले नाही, डोळ्यांतून पाणी आले, परंतु त्यांनी ती संपवली, असे कळते. मुलगी जुलैत सुट्टीला येते आहे. काय काय करून ठेवू म्हणून जाऊबाईंनी विचारले, तेव्हा तिने तीन नावे सांगितली : आंबील, ताक-कण्या, आणि तिसरे ऐकून जाऊबाईंनी फोन माझ्या हाती दिला. शेपूची भाजी.